सिडकोतला लेव्हल एडिटर

सॉफ्टवेअरमधले बग शोधून शोधून संपवता येतात. सॉफ्टवेअर लिहिताना साठलेले किस्से मात्र वाढतच जातात! जुने मित्र भेटले की कोणीतरी विचारतंच, "अरे, ते तुमचं गेमचं काय होतं ना, त्याचं सांग की." मग चहा गार होतो.

तर आम्ही तिघं. शैलेश दिंडोरीचा, घरची द्राक्षबाग, डोक्यात सतत काहीतरी भिरभिरणारं. वैशाली सिडकोतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आणि मी, सातपूरच्या कारखान्यात दिवसभर सुटे भाग तपासणारा. दोन हजार सालाच्या आसपास आम्ही वैशालीच्या क्लासात दर रविवारी बसून एक लेव्हल एडिटर लिहायला घेतला. म्हणजे काय, तर गेममधल्या भिंती, दारं, जिने, राक्षस आपल्याला हवे तसे मांडता येतील असं सॉफ्टवेअर. आणि ओपन सोर्स! कोणीही फुकट घ्या, आत काय लिहिलंय ते बघा, वाटलं तर बदला. तिघांनाही नाशिकबाहेर पडायची घाई झालेली, आणि तिघंही दर रविवारी तिथेच!

*

चाचणीसाठी शैलेशने पहिली लेव्हल बनवली ती आमच्या कॉलेजची. हुबेहूब! वर्कशॉप, लायब्ररी, आमच्या विभागाच्या एचओडी सरांची केबिन. केबिनमध्ये सगळ्यात मोठा राक्षस.

एका रविवारी हेच सर मुलीच्या अ‍ॅडमिशनची चौकशी करायला क्लासात आले आणि नेमके शैलेशच्या मागे उभे राहिले. आम्ही गारठलो. सरांनी चष्मा सारखा केला. कॉरिडॉर ओळखला. नोटीस बोर्ड ओळखला. "उघड ते दार," म्हणाले.

शैलेशने उघडलं. राक्षस गुरगुरला.

सर स्क्रीनकडे वाकले. मग म्हणाले, "खिडकी चुकलीये. माझ्या डाव्या हाताला आहे ती."

*

एडिटरचं 'अनडू' वैशालीने लिहिलं. चुकीचं दार लावलं? एक बटण दाबा, दार गायब! त्यापायी तिने खाणंपिणं सोडलं होतं.

त्यातच तिला बघायला मंडळी आली. घोटीची, तांदळाचे व्यापारी. मुलाने विचारलं, "सध्या काय करता?"

हिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. म्हणाली, "अनडू करते."

"म्हणजे?"

"म्हणजे केलेलं सगळं मागे घेता येतं. कितीही पुढे गेलेलं असू दे!"

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली.

निरोप काही आला नाही. वैशालीची आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. वैशाली आम्हाला म्हणाली, "चला, रविवार वाचला!"

*

इंटरनेटवरून परदेशातले लोकही हातभार लावायचे. त्यातला एक डिर्क, जर्मनीचा. त्याला मेनू डावीकडे हवा होता, शैलेशला वर. ईमेलवर ईमेल! शैलेश इतका भडकलेला, की उत्तरं उभ्याउभ्याच टाइप करायचा. शेवटी डिर्कने धमकी दिली, "मी माझा वेगळा एडिटर काढतो!" आणि एकदाचा निकाल लावायला थेट दिंडोरीला, शैलेशच्या घरी फोन लावला.

फोन शैलेशच्या आईने उचलला. पलीकडून इंग्रजी सुरू झालं.

"शैल्या घरात नाय बाबा!" आई म्हणाली. "मळ्यात गेलाय. फवारणी चालू हाय!" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डिर्कचा सगळ्यांना ईमेल. "प्रोजेक्टच्या मुख्यालयातून उत्तर मिळालं: फवारणी चालू हाय. याचा अर्थ नकार असा घ्यायचा का?"

शैलेशने लिहिलं, "हो."

मेनू वरच राहिला!

*

शैलेशच्या वडिलांना, अण्णांना, हे फुकट वाटणं काही झेपत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी विषय काढला.

"परदेशात जातं म्हणतो तुझं ते?"

"जातं ना अण्णा. ब्राझील, जर्मनी, पोलंड."

"आन कोणी परत पाठवलं?"

"नाही."

अण्णांनी मान डोलावली. संध्याकाळी गावात सांगत होते, "पोराचा माल एक्स्पोर्टला जातो. एक पेटी रिजेक्ट नाय!"

*

शैलेश आता पुण्यात असतो. पुढचा किस्सा निघाला की तो उठून बाल्कनीत जातो.

ती पुण्याची नोकरी त्याला खूप वाट बघून मिळाली होती. बॅग भरलेली. आणि तेव्हाच मला एक बग सापडला.

युसूफ नावाचा एकजण आमचा एडिटर वापरायचा. त्याच्या शहराचं नाव आम्ही फक्त टीव्हीच्या बातम्यांत ऐकलेलं. त्याने स्वतःच्या गल्लीची लेव्हल बनवली होती. बेकरी, न्हाव्याचं दुकान, दोन्ही बाजूंना घरं. राक्षस एकही नाही. थोड्या थोड्या दिवसांनी तो नवी फाइल आमच्या साइटवर टाकायचा, आणि मी ती उघडून तपासायचो. एकदा बघतो तर कोपऱ्यावरचं घर नाही. पुढच्या फाइलमध्ये बेकरी नाही. त्याच्या पुढच्या फाइलमध्ये आणखी दोन घरं नाहीत.

मी बग नोंदवला: सेव्ह करताना घरं गायब होतात.

शैलेश हादरला. "लोकांनी बनवलेलं आपण खातोय रे!" त्याने पुण्याला फोन करून हजर व्हायची तारीख पुढे ढकलली. आम्ही रोज संध्याकाळी जमायला लागलो. सगळा कोड पालथा घातला, पण आमच्याकडे एक वीटसुद्धा गायब होईना! कंपनीने ठणकावलं, "शुक्रवारपर्यंत या, नाहीतर राहू द्या." शैलेश क्लासात नुसत्या येरझारा घालत होता.

"अरे, त्यालाच विचारू ना!" वैशाली म्हणाली आणि तिनेच ईमेल लिहिला. "तुमची घरं गायब होतायत, त्याबद्दल माफ करा. ती जाण्याआधी तुम्ही नेमकं काय केलं होतं? कुठलं बटण दाबलं होतं?"

गुरुवारी उत्तर आलं. वैशाली मोठ्याने वाचायला लागली, मध्येच थांबली, आणि तिने मॉनिटर आमच्याकडे वळवला.

"तुमचा एडिटर चांगला चालतो. त्यात बग नाही. इथे गल्लीत घर पडलं की मीच ते फाइलमधून काढतो. सोबत आजची फाइल."

माउस शैलेशच्या हाताशी होता. पण फाइल कोणीच उघडेना.