दोरीवरचा ओला शर्ट

ताज्या चुन्याचा वास आला की रांझीचं आमचं घर आठवतं. लढाई चालू होती. बाबा मागच्या खोलीत तापाने गेले, त्याला चार महिने झाले होते आणि माणूस गेलेलं घर कोणी विकत घेत नव्हतं. म्हणून मामाने त्या खोलीला चुना मारला, खिडक्यांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद दिवसापुरते काढले, बाबांची सायकल पुसून दाराशी लावली, त्यांचा फॅक्टरीचा खाकी शर्ट भिजवून दोरीवर घातला. मग आईला खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, कुंकू लावून घे. लोक येऊन राहिले." तिने लावलं. घर बघायला आलेल्या बाईंनी ठिबकणाऱ्या शर्टाकडे पाहून विचारलं, "भाईसाहब ड्यूटी पे हैं?" आई म्हणाली, "हाँ, लड़ाई है ना, ओव्हरटाइम चल रहा है." इतकं सहज म्हणाली, की फॅक्टरीचा पाचचा भोंगा झाला तेव्हा, सगळं ठाऊक असूनही, मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. सायकलींची रांग पुढे निघून गेली. मला आत न्यायला आई आली तेव्हा तिचं कपाळ धुतलेलं होतं. आज मी बाबांहून म्हातारी आहे. आई खोटं बोलली याचा राग नाही. ते खोटं संध्याकाळपर्यंतच टिकलं, याचा अजून आहे.