तसबिरीतले गप्प खापरपणजोबा

घराबाहेर कधी बोललो नाही ते सांगतो. माझे खापरपणजोबा गव्हर्नरच्या कायदेकौन्सिलात कुरणं चराईला बंद करणाऱ्या कायद्याविरुद्ध बोललेच नव्हते. आजोबांनीच मला सांगितलं होतं: ते गप्प बसले आणि कायदा झाला. तरी वाचनालयात त्यांच्या पुण्यतिथीला दरवर्षी मी ते न झालेलं भाषण रंगवून सांगतो.

आजही दुपारी ते सांगून झालं, तेव्हा उन्हाचा कवडसा भिंतीवरच्या त्यांच्या तसबिरीतल्या पगडीवरून हळूहळू खाली उतरत होता. एक धनगर म्हातारी नातीला म्हणाली, "आपल्या मेंढरांपायी साहेबाशी भांडला गं ह्यो बाबा." मग माझ्याकडे वळून हसली. "नाक त्येंचंच हाय दादा, पर जीभ तुमची लांब!"

कवडशात धूळ तरंगत होती. न बोललेले शब्दही असेच, इतकी वर्षं, खाली न बसता तरंगत राहत असतील का?

म्हातारी वाकून नमस्कार करून गेली. तिला खरं सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.