धक्का स्टार्ट

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार येतो बघा, किस्से तसेच. आज पुसा, आठ दिवसांनी पुन्हा हजर! अमरावतीत एसटी स्टँडजवळ मी डायनामो-बॅटरीचं दुकान चालवत होतो. लग्न काही जमलं नाही. खानावळीत जेवायचं आणि दुकानामागच्या खोलीत आडवं व्हायचं. संध्याकाळी फळ्या लावल्या की बोलायला भिंत! मग एकेक किस्सा वर येतो, आणि त्यातले निम्मे तरी दौलतरावांच्या ट्रॅक्टरचे निघतात.

दौलतराव म्हणजे मोर्शीकडचे संत्र्याचे बागाईतदार. बायको वारलेली, दोघी मुली अकोल्याकडे दिलेल्या, घरात एकटे. ट्रॅक्टर बुटका, विलायती, झाडांच्या दोन ओळींतून जाईल एवढाच. त्यांच्या हाती आला तेव्हाच तो म्हातारा झाला होता.

*

पहिल्यांदा ते आले एसटीनं, बॅटरी पोत्यात गुंडाळून. त्या गाडीवर बाबाराव कंडक्टर.

"पोत्यात काय हाय?"

"बॅटरी."

"चालू का मेलेली?"

"मेली."

"मंग उतरा खाली. मयत न्याची परवानगी नाई गाडीत!"

अख्खी गाडी हसली. दौलतराव हसले नाहीत. मुकाट्यानं लगेजचं तिकीट काढलं आणि बॅटरी मांडीवर घेऊन अमरावतीपर्यंत आले. दुकानात चहा पिऊन होईस्तोवर ॲसिडनं धोतराची चाळणी झाली होती.

माझ्याच शेडमध्ये हमीदभाई इंजिनाचं काम करायचा. त्याच्या तोंडाला कुलूप कधी नव्हतंच. धोतराकडे पाहून म्हणतो, "काका, मेली म्हनून राहिले, मंग चावली कशी?"

*

बॅटरी चार्ज करून दिली. देताना बजावलं, "पाणी कमी झालं तर शुद्ध पाणी टाका. विहिरीचं चालणार नाही."

महिन्याभरात बॅटरी परत माझ्या टेबलावर!

"शुद्ध टाकलं होतं ना?"

"टाकलं ना भाऊ. गंगेचं टाकलं."

कोणीतरी काशीहून आणून दिलेला तांब्याचा गडू होता म्हणे. "याच्याहून शुद्ध पानी नाई घरात. आमची हे गेली तवा तिच्या तोंडात घालाले फोडला होता. मंग उरलं तसंच होतं."

मी बॅटरीची बुचं उघडून आत पाहू लागलो. हमीदभाईचं तोंड मात्र उघडलंच! "तं मंग फिकर कायची काका? बॅटरी सिधी स्वर्गात गेली असन!"

त्या दिवशी दौलतराव पहिल्यांदा हसले. हसता हसता डोळे पुसले, आणि मग निघायचं नावच घेईनात. शेवटची गाडी लागली तरी बाकावर बसून. मीही उठा म्हटलं नाही. खरं सांगतो, मलाही बरं वाटत होतं.

*

माझा एक माज होता. माझा हात लागलेला डायनामो परत येता कामा नये! म्हणून तिसऱ्या खेपेला म्हटलं, दोष बॅटरीत नाही, ट्रॅक्टरमध्येच आहे. अवजारांची पेटी उचलली आणि बागेत गेलो. ही पेटी घेतल्याशिवाय मी परसाकडंही जात नाही, असं हमीदभाई गावभर सांगायचा.

शेजारच्या बागेतले गुरुजी बघायला आले होते. शाळेतून रिटायर झालेले, पण आवाज अजून वर्गातला. मी मीटरचा काटा दाखवून म्हटलं, "बघा, बॅटरी चार्ज घेत नाही."

"घेईन कशी?" गुरुजी म्हणाले. "आदीच्यानं देल्ला तं पायजे! माही इथं बदली झाली तवा आदीचा हेडमास्तर कपाटाच्या चाव्या घेऊन सासुरवाडीले गेल्ता. महिनाभर चार्ज नाई भेटला मले!"

मी पट्टा पाहिला, ताठ होता. डायनामो उघडला, ब्रश ठीक. मग डायनामोचा करंट बॅटरीकडे सोडणारी कटआउटची डबी खोलली, तर खाली लालभडक ऑइलपेंट!

"हा रंग कोणी लावला?"

दौलतराव एकदम ओशाळले. "मीच. बैल विकले ना भाऊ. पोयाच्या सनाले गोठ्यात कोनीच नाई. मंग म्हटलं, यालेच रंगवू. सारं खोलून खोलून रंगवलं, कोपरा नाई सोडला."

मी समजावलं. ही डबी उघड्या लोखंडाला भिडायला पाहिजे, मधे रंग आला म्हणून करंट अडला. त्यांना पटेना.

"बैलाले रंगवलं तं बैल खुश होते. हा काहून रुसला?"

पॉलिश पेपर मारून रंग काढला, डबी बसवली, इंजिन सुरू केलं. काटा टुणकन प्लसकडे! गुरुजी टाळ्या पिटत ओरडले, "घेतला! घेतला चार्ज!" दौलतराव मात्र "बरं झालं" एवढंच म्हणाले, तेही अगदी बारीक आवाजात.

*

बरं कसलं? पंधरा दिवसांत निरोप आला, बॅटरी उतरली. गेलो, तर तार सैल. आवळली. पुन्हा निरोप, पुन्हा तार सैल! हँडल मारून तरी सुरू करा म्हटलं, तर हँडल हरवलं म्हणाले. माझं डोकं सटकलं. म्हटलं, आता न सांगता जायचं आणि काय भानगड आहे ते बघायचं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. अंगणात सात-आठ माणसं ट्रॅक्टरला हात लावून वाकलेली. गुरुजी धोतर खोचून पुढे, पाटलाचा गडी आणि बौद्ध झालेल्या वस्तीतला सुखदेव एकाच मडगार्डाला खांदा देऊन, आणि दौलतराव वर सीटवर, नवरदेवासारखे!

"मारा धक्का! हां... अजून!"

ट्रॅक्टर फटफटला. अंगणभर आरोळी उठली. मग सगळे ओसरीवर टेकले. चुलीवर चहा आधीच उकळलेला, कप पालथे मांडून ठेवलेले. कोणाचा बहार गळला, कोणाची सून रुसली, सगळं झालं, आणि मग माणसं आपापल्या वावरात गेली.

मी बॉनेट उघडलं. डायनामोची तारच नाही! पाणी प्यायला आत गेलो, तर तार खुंटीवर, दौलतरावांच्या टोपीखाली. आणि हरवलेलं हँडल दारामागे उभं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "भाऊ, हे गेली तवा मले धक्का बसला म्हनून सारं गाव आलं. तेरा दिवस पाय ठेवाले जागा नव्हती. चवदाव्या दिवशी कुत्रं नाई फिरकलं. आता कोनाले बलावू, अन् काय सांगून? 'मले करमत नाई, या' असं म्हनता येते का मानसाले? 'धक्का द्याले या' म्हनता येते."

मी रागीट माणूस. पण त्या घरात, त्या पालथ्या कपांसमोर, माझा राग कुठे गेला कोण जाणे. माझ्या खोलीत कप एकच आहे. मी तार परत टोपीखाली ठेवली.

*

आता माझं नाव गेलं तेल लावत! मोर्शीच्या बाजारात हॉटेलवाला माझ्या तोंडावर म्हणाला, "अमरावतीचे मोठे मिस्त्री, अन् एक डायनामो होऊन नाई राहिला तुमच्यानं?"

"जुना माल आहे," मी म्हटलं. "चालायचंच."

हे हमीदभाईला कळलं तेव्हा त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तू अन् ऐकून घेतलं? ताप हाय का बे?"

*

आणि मग गावाला दया आली! म्हातारा एकटा, रोज सकाळी याचे हाल, म्हणून गुरुजींनी पुढाकार घेतला, गावानं वर्गणी केली आणि कोरी करकरीत बॅटरी आणली. तिला झेंडूचा हार. बसवायला मला बोलावलं.

दौलतराव म्हणत होते, "कायले खर्च केला? जुनी चालते ना."

"नाई काका," पाटलाचा गडी म्हणाला. "आता तुमाले कोनाची गरज नाई पडनार!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दौलतराव आत गेले, खुंटीवरची तार आणली आणि माझ्या हातात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काय करणार? सारं गाव बघत होतं. तार जोडली, बॅटरी बसवली. दौलतरावांनी बटण दाबलं, आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू! टाळ्या पडल्या. कामाचे दिवस होते, पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. चहाला कोणी थांबलं नाही.

भांडंभर चहा, आणि आम्ही तिघं. दौलतराव, मी आणि गुरुजी. दोन-दोन कप प्यालो तरी संपेना.

"हे कप रोज आदीच मांडून ठेवता?" गुरुजींनी विचारलं.

"हो ना. लोकाईले थांबा लागू नये म्हनून." आणि दौलतराव कप विसळायला मागे गेले. एकही कप उष्टा नव्हता, आमचे तीन सोडले तर. तरी सगळे विसळत बसले.

गुरुजींनी मागून येणाऱ्या कपांच्या आवाजाकडे कान दिला. मग उठले, ट्रॅक्टरपाशी आले आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, यातली कोनती तार काढली म्हंजे चार्ज थांबते? माहीत असलेलं बरं."

मी बोट ठेवून दाखवली.

*

त्यानंतर काही दिवसांनी बाबाराव कंडक्टर दुकानासमोर गाडी थांबवून ओरडला, "ओ मिस्त्री! गुरुजीचा निरोप हाय. दौलतरावाची नवी बॅटरी चार्ज घेऊन नाई राहिली!"

हमीदभाई खो खो हसला. "कोरी बॅटरी? झालं! बुडवलं नाव!"

"अन् सकायच्या गाडीनं येजा म्हने," बाबाराव म्हणाला. "धक्क्याले एक मानूस कमी पडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी पहिली गाडी धरली. हमीदभाई नुकताच शेड उघडत होता. गाडी हलली तसा मला पाहून हात वर करून मागे धावत आला.

"अबे थांब! पेटी! पेटी तं राहिली इथीच!"