आईच्या मोबाईलमधला आमचा हॉल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय तेही नीट कळत नाही — तुम्ही माझ्या आईला कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

केलं काय, तर घरातल्या कॉम्प्युटरचा आयपी अॅड्रेस बदलला. बस्स. म्हणजे त्या यंत्राचा पत्ता — चार आकडे असतात, त्यातला शेवटचा पंधरा होता, तो पन्नास केला. एवढ्यासाठी कुणी कबुली देतं का? थांबा जरा. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, ही खोड जुनीच आहे.

आम्ही वडूजकडचे, मेंढरंवाले. मी लहान असताना संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायची, आई एकदा सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि मगच भाकरीला हात लावायची. आजारी असली तरी. वडील गेले, दादानं मेंढरं कमी केली, मी सांगलीला आलो, माधवनगरात घर घेतलं आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायला लागलो. आईचा नेम मात्र सुटला नाही. आता नजर फिरवायची ती आमच्यावरून — मी, बायको आणि लेक आरू. पण आम्ही होतो कुठं तिच्यासमोर?

व्हिडिओ कॉल करत जा म्हटलं तर नको म्हणायची. "फोन केला की तुमी काम टाकून येताय. मला बोलायचं नसतंय रं, निस्तं बगायचं असतंय." मग मी डोकं लढवलं. हॉलमधल्या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडला. राउटरला सांगून ठेवलं, बाहेरून आई आली की तिला पंधरा नंबरच्या दारात सोड. तिच्या मोबाईलवर एक खूण करून दिली; ती दाबली की वडूजला आमचा हॉल आणि उघड्या दारातून गेटही दिसायचं, आवाजही जायचा-यायचा. लय हुशार समजत होतो मी स्वतःला तेव्हा.

दिवे लागायच्या वेळेला कॅमेऱ्यावर बारका निळा दिवा पेटायचा. आई आली. मी काम करत असायचो, आरू फरशीवर चित्रं काढत असायची. बहुतेक वेळा आई बोलायचीच नाही. बघायची. थोड्या वेळानं दिवा विझायचा, म्हणजे आई जेवायला बसली. त्या दिव्यासमोर मी जितका निवांत बसलोय तितका पुन्हा कुठंच बसलो नाही. हे खोटं नाही. पुढचं आहे.

एका संध्याकाळी कंपनीची मीटिंग लांबली. नवे साहेब होते, पुण्याचेच, मोठी जागा भरायची होती आणि माझं नाव पुढं होतं. मी छान शुद्ध भाषेत बोलत होतो — वडूज नावालाही उरलं नव्हतं बोलण्यात. निळा दिवा पेटला. आणि माझ्या स्पीकरमधून आईचा आवाज आला. या माळावरून त्या माळाला हाक मारायची सवय असलेला आवाज. "बाळू, आरं गेट उगडं हाय रं! कुत्रं शिरंल, पोरगी खाली बसलीया!"

मीटिंगमधले सगळे चेहरे हसले. कुणी वाईट हसलं असं नाही, खरं सांगतो. साहेबांनी सहज विचारलं, कोण आहेत या?

आणि मी म्हणालो — घरकाम करणाऱ्या मावशी आहेत.

लिहिलं शेवटी. आईचा माईक चालू होता, माझाही. तिनं ऐकलं. निळा दिवा थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. गेट खरंच उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून बसलो होतो. वाटलं, आज रडेल, नाहीतर निदान गप्प तरी राहील. तसं झालं असतं तर मी पाय धरले असते — धरले असते का? माहीत नाही. पण आई खुशीत होती. "मावशी ठिवली व्हय रं कामाला? ब्येस केलंस. सूनबाईची लय वढाताण व्हती." तिला वाटलं, मागनं कुणी बाई आत आली आणि मी तिच्याबद्दल बोललो. आपल्या पोरानं आपल्यालाच तसं म्हटलं असेल, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. मी काय म्हणालो? हो म्हणालो.

मग ती रोज मावशीला शोधू लागली. आज दिसंनात? येऊन गेल्या, मी म्हणायचो. उद्या थांबाय सांग, मला बगायच्यात. मावशी सोडून गेल्या म्हणून मोकळा होऊ शकलो असतो, पण एका खोट्याला दुसरं जोडलं की तिसऱ्याची भीती वाटत नाही, असं काहीतरी झालं होतं माझं. एक दिवस बायको क्लासवरून लवकर येऊन दारात चपला काढत होती आणि आईनं मोठ्यानं मावशीची चौकशी सुरू केली. मी झटकन आवाज बंद केला. तिथंच बसून सेटिंग उघडलं आणि पंधराचा पन्नास केला. राउटर आईला त्याच दारात सोडत राहिला. दारामागं आता कुणी नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिचा फोन आला. "बाळू, माज्याच हातनं कायतरी दाबलं गेलं बग. निस्तं गोल गोल फिरतंय."

हो आई, मी म्हणालो, तुझ्याच हातून झालं असेल.

नंतर गावी गेलो की मोबाईल हातात घ्यायचो, खाटखुट केल्यासारखं करायचो, जुना झालाय म्हणायचो. वहिनी म्हणाली, रोज संध्याकाळी त्या फिरणाऱ्या गोलाकडं बघत बसतात, कंटाळल्या की जेवतात. मी ऐकून घेतलं आणि चहा प्यालो.

फोनवर मावशीची विचारपूस चालूच होती. नाइलाजानं मी मावशीला शिराळ्याचं माहेर दिलं, गुडघेदुखी दिली. आईनं गुडघ्याला लावायला कसलासा पाला पाठवला, तो मी कॅनॉलमध्ये टाकला.

मागच्या थंडीत आई गेली. झोपेत. परत आलो आणि पन्नासचा पुन्हा पंधरा केला — आता कुणासाठी? संध्याकाळी कॅमेऱ्याकडं बघत बसतो. आरू मोठी झाली, ती खोलीत असते. हॉलमध्ये मी एकटा. कुणीतरी मोठ्यानं ओरडून मला गेट लाव म्हणावं असं फार वाटतं हो. आणि तिनं किती दिवस उशिरा भाकरी खाल्ली असेल, तो हिशेब लागत नाही.

महिन्याभरानं दादा आला, आईनं बाजूला काढून ठेवलेल्या साड्या घेऊन. वहिनीची तिकडंच ठेवली होती. एक माझ्या बायकोला. आणि एक हिरवी, इरकली, घडीही न मोडलेली — आईजवळच्या साड्यांतली सगळ्यात चांगली. दादा म्हणाला, ही सांगलीच्या मावशींना द्या म्हणाली होती, त्या आपल्या पोरांचं करतात म्हणून.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. कोण मावशी?

दादा समोर होता, बायको समोर होती, साडी तिच्या हातात होती. आई कुठूनही ऐकत नव्हती. मी म्हणालो, आईचं वय झालं होतं, शेवटी शेवटी काहीबाही बोलायची.

दादानं मान हलवली. बायकोनं ती साडी कपाटात ठेवून दिली.