चाचांचं नाक

अलिबागच्या अलीकडे टँकर दुरुस्तीचं एक गॅरेज आहे, तिथे मी सात वर्षं काढली. माझं काम एकच: रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ उरली आहे का, ते हातातल्या मशीनने तपासायचं. मी ‘शून्य’ म्हटलं की वेल्डर ज्योत पेटवणार. वेल्डर म्हणजे मुरुडचे चाचा, साठीला टेकलेले.

मशीनला रोज सकाळी छोट्या डब्यातला टेस्ट गॅस द्यायचा. आकडा पन्नासच्या आसपास चढला, तर मशीन ठीक आहे. काम दोन मिनिटांचं, पण आळसाला औषध नाही.

दसऱ्याला गॅरेजात पूजा असते. पाने-पकडी, ग्राइंडर, सगळं पुसून मांडलेलं. आपलं मशीन त्यात उठून दिसलं पाहिजे ना! म्हणून मी दीडशहाण्याने गाडीच्या डॅशबोर्डला मारतात तो चकाकीचा स्प्रे त्याच्यावर फसाफसा मारला, अगदी सेन्सरच्या जाळीवरसुद्धा. वर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. असल्या स्प्रेने सेन्सर मरतो आणि मेल्यावर नुसतं शून्य दाखवत राहतो, हे मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक वाचतो कोण?

दुसऱ्या दिवशी टेस्ट गॅस दिलाच नाही. कालच तर पूजा झाली, आज काय बिघडणार? टाकीत मशीनची नळी सोडली, शून्य आलं. चाचा टाकीच्या तोंडाशी वाकले आणि म्हणाले, “बेटा, वास हाय अजून.”

माझं डोकं लगेच तापतं. चारचौघांत म्हणालो, “मशीन खोटं बोलतंय होय? तुमचं नाक म्हातारं झालं, चाचा.”

ते हसले. ज्योत पुढे नेली आणि भडका उडाला. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

त्यांना दवाखान्यात पोचवून आल्यावर मी मशीनला टेस्ट गॅस दिला. आकडा हलला नाही. परत दिला. शून्यच. मशीन पिशवीत घातलं आणि गप्प बसलो. मालकाने ठरवलं की चाचांच्याच वेल्डिंगच्या गॅसच्या नळीला गळती असणार. मी मान हलवली. सांगायला लाज वाटते, पण हलवली. सेन्सर नंतर गुपचूप बदलून घेतला. चाचांना मात्र पुन्हा कुणी टाकीचं काम दिलं नाही.

सहा महिने त्यांच्या घरी जायची माझी छाती झाली नाही. शेवटी गेलो. चाची चहा टाकायला उठल्या, तर चाचांनी त्यांना थांबवलं.

“तू मशीनवाला,” ते मला म्हणाले. “आत जाऊन बघ जरा, सिलिंडरचा वास येतो का.”

“तुम्हाला येतोय?”

“मला येतोय. म्हणजे नसेलच.”

मी आत गेलो. वास चांगलाच येत होता. रेग्युलेटर बंद केला, खिडकी उघडली. बाहेर आलो.

“येतोय, चाचा. तुमचं नाक बरोबर आहे. त्या दिवशीही होतं. मशीन माझ्यामुळे बिघडलं होतं, आणि ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

चाचींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“सहा महिने झाले,” त्या म्हणाल्या, “हा माणूस ताटातली मासळीसुद्धा आधी मला हुंगायला लावतो.”