सड्यावरचा खुळखुळा

माझी थोरली बहीण प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाली ती डोळ्यांमुळे, मुदतीआधी. काचबिंदूने दोन्ही डोळे नेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. लग्न तिने केलं नव्हतं. रत्नागिरीबाहेरच्या आमच्या घरी ती राहायला आली तेव्हा मी कचेरीतल्या नोकरीची शेवटची वर्षं भरत होतो.

घरामागे आमचा सडा. नुसता जांभा दगड, माती वीतभरही नाही. पावसाळ्यात त्याच्या भेगांतून खुळखुळा उगवायचा. कमरेइतकी झुडपं, भाद्रपद-आश्विनात पिवळ्या फुलांचे तुरे, आणि थंडीत शेंगा वाळल्या की आत सुटलेलं बी वाऱ्यावर वाजायचं. ताई त्या आवाजावर चालायची. पायवाटेच्या दोन्ही अंगांना झुडपं होती. डाव्या कानाला आवाज जास्त आला की ती उजवीकडे सरकायची, आणि अशी थेट सड्याच्या टोकापर्यंत जायची. तिथून समुद्र ऐकू येतो. कोणी हात धरलेला तिला खपत नसे.

मला तिथे आंब्याची कलमं लावायची होती. डोळ्यांतला उरलासुरला उजेड टिकावा म्हणून ताई ऑपरेशनसाठी माझ्या मुलीकडे मुंबईला गेली, तेवढ्यात मी जेसीबी आणला. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली. ताईला विचारायला हवं हे मला कळत होतं. नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही. थंडी सरायच्या आत परत आली. त्या संध्याकाळी ती काठी घेऊन मागच्या दारी उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "काय रे, वारा पडलाय?"

मी म्हटलं, "हो गो ताई."

माझ्या सदऱ्याची बाही तेव्हा वाऱ्याने फडफडत होती. तिच्याही पदराला तो लागतच असणार. ती आत वळली आणि पुन्हा सड्याचं नाव तिने काढलं नाही.

त्या आठवड्यातच मी आरे-वारेच्या रस्त्यावर स्कूटर थांबवून वाळक्या शेंगा खिशात भरून आणल्या. पावसाच्या तोंडावर पिशव्यांत शेणखत घालून बी पेरलं, पाणी घातलं. बरंचसं कुजलं. चार-पाच रोपं आली ती कुंपणापाशी लावली, तर आठ दिवसांत माना टाकून मेली. आंबा वाढवणारा माणूस मी, आणि एक रानचं झुडूप मला जगवता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात ताईलाच विचारलं. कचेरीतल्या एकाला खुळखुळा लावायचाय, असं सांगून.

"बी टणक असतं," ती म्हणाली. "जांभ्यावर घासायचं, वरची चकाकी जाईपर्यंत. मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं. फुगेल तेवढंच घ्यायचं. आणि जिथे वाढवायचं तिथेच पेर म्हणावं त्याला, मूळ हललेलं त्याला सोसत नाही. खत अजिबात नको. एकदा धरलं की पाणीही नको."

"सांगतो त्याला."

"पिशवीत नको लावू म्हणावं." ती म्हणाली. "गेल्या पावसात तू मागे शेणखत कालवत होतास. वास येत होता मला."

मी उठून मागचं दार लोटून घेतलं.

"मला त्याच दिवशी कळलं रे. जांभा फुटल्यावर कसा वास येतो ते का ठाऊक नाही मला? वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील."

"तुझं डोळ्यांचं तसं झालेलं. त्यात आणखी हे कुठे सांगू, असं झालं."

"डोळ्यांचं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं मला," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला ताट पुढे ओढलं.

त्या पावसात मी तिने सांगितलं तसंच केलं. कलमांच्या पलीकडे सड्याची एक पट्टी शाबूत होती, तिथल्या भेगांत बी टाकलं. पंधरा-वीस झाडं धरली. फुलं आली तेव्हा एक तुरा आणून तिच्या हातात दिला. तिने पाकळ्या बोटांनी उलगडून पाहिल्या, "चांगलं भरलंय," म्हणाली.

पौषात शेंगा वाजू लागल्या. मी म्हटलं, "चल ताई, टोकापर्यंत जाऊन येऊ."

ती उठली, माझा हात धरला. पहिल्यांदाच. खड्ड्यांच्या वरंब्यांवरून दहा-बारा पावलं चालली आणि थांबली. "पायांची सवय मोडली रे," म्हणाली. "दोन थंड्या बसून काढल्या ना." मी आग्रह केला. तिने मान हलवली, आणि आम्ही परत फिरलो.

त्यानंतर ती सड्यावर गेली नाही. पायऱ्यांवर बसते, दुपारी रेडिओ ऐकते. कलमांना औंदा पहिला मोहोर आला. शेजारी बघायला आले, बाग छान धरली म्हणाले. ताईने त्यांना चहा दिला, आणि बागेची सगळी मेहनत माझी, असं आवर्जून सांगितलं. मी कप घेऊन आत गेलो.