अक्काच्या मागं पळताना

कुणी गेलं की फोन वाजतो आणि बातमी येते. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. आमच्या अक्काची बातमी मीच घेऊन आले, माझ्या पायांनी, तेलगावच्या फाट्यापर्यंत पळत. ती गेली आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मदत आणायला चाललेय असंच वाटत होतं. महिना होऊन गेला, पण अजून पहाटे जाग येते तेव्हा मी पळतच असते आणि फाटा काही येत नाही... उठून बसते, पाणी पिते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, शकुंतला. गावाबाहेर आमची वस्ती आहे, दोघा भावांची घरं एका अंगणात. अक्का पन्नाशीच्या पुढची, मी तिच्याहून बरीच लहान आणि जन्माची भित्री. कुकरची शिट्टी होईपर्यंत मी स्वयंपाकघराबाहेर उभी राहते. अवेळी फोन वाजला तर तो मी दुसऱ्याच्या हातात देते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागं तो लग्नात माहेराहूनच आला असावा. अशा बाईनं पळायला शिकावं हे अक्काशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

झालं असं की अक्काला शुगर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. आता आमच्याकडे बाईमाणसाला चालायला जायचं म्हणजे मोठं अवघड काम. प्रत्येक ओट्यावरून हाक येते, कुठं निघालीस, काय आणायचंय, सून कशी आहे, बस की जरा. तासाभराचं चालणं तीन घरांत आणि दोन कप गोड चहात संपायचं. शुगर तिथंच. आठवडाभर हे झाल्यावर एका सकाळी अक्का माझ्या दारात उभी राहिली. साडीवर तिच्या मालकांचा, म्हणजे दादांचा, जुना फुल शर्ट, कापूस वेचायला जाताना आमच्या बायका घालतात तसा, पदर खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"चल. पळायचंय," म्हणाली. "पळत्या माणसाला कुणी चहाला बसवत न्हाई."

मला भीती वाटते म्हटलं. कुत्र्यांची, लोकांची, दोन्ही बाजूंच्या उसाची. मोबाईलवर तेव्हा बिबट्या आल्याचे निरोप फिरत होते.

"मग भीतभीतच पळ," अक्का म्हणाली. "पळणारं माणूस तसंबी भ्यालेलंच दिसतंय, कुणाला कळायचं न्हाई. आन् बिबट्या आला तर मला धरंल. तुझ्यात काय हाय चघळायला?"

पहिल्या दिवशी मी आमच्या विहिरीच्या थोडी पुढं गेले असेन. बरगडीखाली कळ आली, डोळ्यांपुढं अंधारलं, छातीत कुणीतरी दार बडवत होतं. आपला कारभार आटोपला असं वाटून मी चक्क रस्त्यात आडवी झाले. अक्का परत आली, कमरेवर हात ठेवून वाकली. "मेलीस का?" म्हणाली. मी नाही म्हटलं. "मग ऊठ. रस्त्यात झोपलेलं बरं दिसत न्हाई." दुसऱ्या दिवशी ओट्याची पायरी उतरताना मला रडू आलं, इतके पाय भरले होते. तरी गेले, कारण अक्काला नाही म्हणायची मला पळण्याहून जास्त भीती वाटायची.

पण खरी पंचाईत पुढंच होती. आमच्या भागात मोठी माणसं उगाच पळत नाहीत. मोठं माणूस पळतंय म्हणजे कुणी विहिरीत पडलं, कुणाला साप चावला, नाहीतर कडब्याच्या गंजीला आग लागली. ते बघून बाकीच्यांनी हातातलं काम टाकून मागं पळायचं, ही आमच्याकडची रीत आहे आणि चांगली रीत आहे. आम्ही दोघी पहिल्यांदा फाट्याजवळ पोचलो तेव्हा हॉटेलवाले भानुदास मामा हातात झारा घेऊन बाहेर आले, दोघांनी मोटारसायकलींना किक मारली, आणि एक म्हातारे तर डोक्याला मुंडासं गुंडाळत उठलेच.

"कुठं झालं? कुणाचं काय झालं?" मामा ओरडले.

"कुणाचं काय न्हाई झालं," अक्का धापा टाकत म्हणाली. "मला शुगर हाय."

"मग पळता कावून?"

"चालून भागंना म्हणून."

मी पदरात तोंड लपवून उसात शिरायच्या बेतात होते. त्यानंतर कितीतरी दिवस अक्का पळता पळता वाटेतल्या प्रत्येकाला सांगायची, काय न्हाई झालं, काय न्हाई झालं, बसा तुमी. हळूहळू लोकांना सवय झाली. पावसाळा सरेपर्यंत कुणी मान वर करेनासं झालं. आम्हाला ते फार बरं वाटलं. अक्काची शुगर उतरली, मला न थांबता निम्मी वाट पळता येऊ लागलं, आणि कुत्रीसुद्धा आम्हाला बघून नुसती कूस बदलायची.

त्या दिवशी थंडी होती. फाट्याच्या अलीकडे ओढ्यावर मोरी आहे, छोटा पूलच, तिथं अक्का एकदम चालायला लागली. कठड्यावर बसली. "जरा बसते, तू हो म्होरं," म्हणाली. एवढ्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी पदरानं पुसायला गेले तर तिनं माझा हात धरला आणि तशीच कलती झाली. मी तिला खाली निजवलं. हाका मारल्या. डोळे उघडे होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. दोघींचे फोन घरी. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही बाजूंना नुसता ऊस. तिथं थांबावं तर ती माझ्या हातात जाणार, जावं तर ती एकटी पडणार... आयुष्यात इतकी कशाला भ्याले नाही जितकी तिच्या बोटांतून माझा हात सोडवताना भ्याले.

मी पळाले. शेतांमधल्या पांदीच्या वाटेनं दूधवाला मोटारसायकल घेऊन निघाला, फाट्याकडंच वळला. मी दोन्ही हात हलवले. त्यानंही हात हलवला. "लई जोरात आज, ताई," म्हणाला आणि गेला. मला ओरडायचं होतं, पण सगळा श्वास पायांत गेला होता, गळ्यात काही उरलंच नव्हतं. कापसाच्या रानातून बायकांनी विचारलं, आज एकट्याच का, आणि हसल्या. कुणी उठलं नाही. कसं उठणार? आम्हीच तर शिकवलं होतं त्यांना, बसा तुमी म्हणून. हे मला पळतानाच कळलं, आणि ते कळल्यावर जी भीती वाटली ती अजून अंगातून गेलेली नाही. फाट्यावर भानुदास मामा भजी तळत होते. वर न बघताच म्हणाले, "आज अक्का मागं ऱ्हायली वाटतं." मी जाऊन त्यांचा हात धरला, भट्टीजवळ खाली बसले, तेव्हा त्यांनी माझं तोंड बघितलं. पुढं जीप निघाली, माणसं धावली, सगळं झालं. दवाखान्यात म्हणाले, आणायच्या आधीच गेली होती.

डॉक्टर म्हणतात, मोरीपाशीच संपलं होतं, कुणी लवकर येऊनही उपयोग झाला नसता. हेही म्हणाले की असा झटका भाकरी थापतानाही आला असता. डॉक्टर चांगले आहेत, मागं राहिलेल्यांना असंच सांगतात. दूधवाला मात्र दहाव्याला आला, माझ्यासमोर बसला, दोन्ही हात जोडले आणि उठून गेला.

भेटायला येणाऱ्या बायका आपसात म्हणायच्या, पळून पळून मेली. मरणाला निमित्त लागतं, अक्काच्या मरणाला तिचे बूट मिळाले. आमच्या ह्यांनी माझेही बूट उचलून माळ्यावर टाकले. "आता बास," म्हणाले. मी हो म्हटलं, मनापासून म्हटलं. पण पहाटे ठरल्या वेळी जाग यायची आणि गोधडीत पडल्या पडल्या छाती धडधडायला लागायची, पळताना धडधडते त्याहून जास्त. तपासून घेतलं, हृदयात काही नाही, भीती आहे म्हणाले. पडून राहिलं की ती धडधड नुसतीच असते, तिला काही कारण नसतं, आणि तेच मला सोसवेना. पळताना धडधडलं तर निदान का धडधडतंय ते तरी कळतं. एका सकाळी मी शिडी लावून बूट काढले. आमचे हे दारातून बघत होते.

विहिरीपाशी पोचते तोच मागं मोटारसायकलचा आवाज आला. अंगावर काटा आला. वळून बघितलं तर दादा, अक्काचे मालक. माझे थोरले दीर, त्यामुळं इतक्या वर्षांत आमचं समोरासमोर बोलणं असं कधी झालेलं नव्हतं. ते आले की मी पदर घेऊन आत जायची, आणि मी असले की ते अंगणातून खाकरून यायचे. गाडी अगदी हळू, मी थांबले की तीही थांबे. पळता पळताच मी डोक्यावर पदर घेतला. वाटेत आता जो तो गाडी थांबवून विचारतो, काय झालं ताई, सगळं ठीक हाय ना. आता मला पळताना बघून कुणी नुसतं बसून राहत नाही. मला उत्तर द्यायला दम नसतो. दादा मागून हात वर करून सांगतात, "काय न्हाई. पळू द्या तिला."

असे बरेच दिवस गेले. मोरी आली की मी डोळे मिटून घ्यायची आणि मागचा आवाज ऐकत पार व्हायची. परवा मोरी ओलांडल्यावर गाडी माझ्या बरोबरीला आली. दादा समोर बघत होते.

"घरात तर ती हूं का चूं करायची न्हाई," म्हणाले. "इथं लई बोलायची म्हणं. लोक सांगतात... काय बोलायची?"

अक्का बोलायची ते सगळं सांगण्यासारखं नव्हतं. त्यात दादा होते, त्यांचा राग होता, लग्नानंतरची पहिली काही वर्षं होती, दुसऱ्या कुणाला तिनं कधी सांगितलं नसेल असं बरंच होतं. कुठून धरावं कळेना. शेवटी जे सगळ्यात हलकं वाटलं ते म्हणाले.

"तुमी लई घोरता म्हणायची."

"काय?" गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

मी पुन्हा सांगितलं, पुन्हा ऐकू गेलं नाही. दादांनी गाडी बंद केली, कडेला लावली. मला वाटलं चिडले. तेवढ्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला. एका हातात धोतराचा सोगा धरून दादा पळत माझ्या बाजूला आले. साठीच्या पुढचं माणूस, दोन पावलांत धाप लागलेली, चेहरा लाल. थांबा म्हणायला गेले, पण ते रस्त्याकडं बघत होते आणि कान माझ्याकडं होता.

मी पाय अगदी सावकाश केले, त्यांच्या छातीकडं बघत, आणि अक्का काय बोलायची ते सांगायला लागले.